हरकती आणि सूचना

वर्तमानपत्राच्या आतील पानावर, बहुधा खालच्या कोपऱ्यात, बारीक ठशात एक जाहीर सूचना छापलेली असते. अमुक रस्त्याची रुंदी वाढवावयाची आहे, तमुक चौकातील बसथांबा हलवावयाचा आहे, एखाद्या भूखंडावरील उद्यानाचे आरक्षण बदलावयाचे आहे. ज्यांना याविषयी काही म्हणावयाचे असेल त्यांनी आपल्या हरकती व सूचना मुदतीत लेखी सादर कराव्यात, असा तिचा आशय असतो. बहुसंख्य वाचक ती वाचत नाहीत. जे वाचतात त्यांपैकी पुष्कळांना त्यातील सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमा यांवरून आपले घर नेमके कोठे येते हे उमगत नाही. मग काही महिन्यांनी दाराशी कुदळ-फावडी येतात, कोपऱ्यावरचा नेहमीचा फळवाला दिसेनासा होतो, घरासमोरचा पदपथ अर्ध्यावर येतो, आणि 'आम्हांला कोणी विचारलेच नाही' हा उद्गार घराघरांतून निघतो. विचारले होते, हे पालिका कागदोपत्री सिद्ध करू शकते. विचारले नव्हते, हे रहिवाशाच्या अनुभवाला धरून तितकेच खरे असते.

शहर बदलत असताना त्यात राहणाऱ्यांच्या मताला स्थान काय, हा प्रश्न भारतातील प्रत्येक वाढत्या शहरापुढे आहे. पुण्याचे उदाहरण घेतले तर तो अधिक स्पष्ट होतो. कारण मत मांडण्याच्या बाबतीत हे शहर कधी मागे राहिले, असे त्याचे टीकाकारही म्हणणार नाहीत.

एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. या बाजारासाठी स्वतंत्र इमारत बांधावी, असा विचार नगरपालिकेत पुढे आला. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा नसताना असा खर्च करणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा विरोध बाजूला सारला गेला. अष्टकोनी मनोऱ्याची ती भव्य इमारत उभी राहिली, १८८६ मध्ये खुली झाली आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी बांधण्यास विरोध केला त्यांच्याच नावाने इमारत ओळखली जावी, हा योगायोग गमतीचा म्हणून नेहमी सांगितला जातो.

परंतु केवळ गंमत म्हणून तो सोडून देण्यासारखा नाही. मंडई निरुपयोगी ठरेल, असे फुल्यांचे म्हणणे नव्हते. नगरपालिकेच्या तिजोरीतील पैसा आधी कोणाच्या गरजेला मिळावा, हा त्यांचा प्रश्न होता. इमारत उपयोगी ठरली, शतकाहून अधिक काळ शहराला भाजी पुरवीत राहिली. म्हणून तो प्रश्न चुकीचा ठरत नाही. बहुमताने डावललेले मत आणि खोटे ठरलेले मत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि नागरी चर्चेत त्यांची गल्लत फार सहज होते. दुसरे असे की, फुल्यांनी आपली हरकत जेथे निर्णय होतो त्या दालनात बसून आणि निर्णय होण्यापूर्वी मांडली होती. आजच्या रहिवाशाला ही दोन्ही स्थाने क्वचितच लाभतात.

येथे 'हरकत' या शब्दाकडेही थोडे लक्ष द्यावेसे वाटते. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ हालचाल. हिंदी भाषक आजही तो हालचाल किंवा कृती या अर्थानेच वापरतात. मराठीने मात्र त्याला अडथळा, आक्षेप असा अर्थ दिला. पालिकेच्या कार्यालयात नागरिकांच्या पत्रांकडे याच दुसऱ्या अर्थाने पाहिले जाते. काम पुढे सरकत असताना मध्ये आलेला धोंडा, तो बाजूला केला की झाले! वास्तविक रस्त्यावर रोज वावरणाऱ्या माणसाजवळ त्या रस्त्याविषयी असे काही ज्ञान असते, जे मोजपट्टीने मिळत नाही. कोणत्या वळणावर पावसाळ्यात पाणी साचते, शाळा सुटल्यावर मुलांचा लोंढा कोणत्या बाजूने येतो, कोणत्या दुकानाच्या पायरीवर म्हातारी माणसे टेकतात, हे नकाशात नसते.

तथापि रहिवाशांचे मत म्हणजे शहाणपणाचा निर्मळ झरा, असेही समजण्याचे कारण नाही. लक्ष्मी रस्त्याचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. सराफी पेढ्या, साड्यांची दुकाने, तयार कपडे, भांडी, त्यांच्या पाठीशी तुळशीबागेतील बारीकसारीक वस्तूंचा बाजार, असा हा पुण्याचा जुना व्यापारी कणा. रस्ता एकेरी वाहतुकीचा आहे. दोन्ही कडांना उभी केलेली वाहने, मधून कशीबशी सरकणारी रांग आणि पदपथावरून खाली उतरून त्या रांगेतून वाट काढणारे ग्राहक, हे तेथील नित्याचे दृश्य होय. या रस्त्यावर वाहनांना बंदी करून तो चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा, अशी कल्पना अनेक वर्षे मांडली जात होती, आणि दुकानदारांकडून तिला तेवढीच वर्षे विरोध होत होता. गाडी दाराशी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, विजेचे बिल ही महिन्याच्या महिन्याला द्यावीच लागतात. उपनगरांत मोठमोठे मॉल उघडले आहेत. त्यानंतर घरबसल्या माल मागविण्याची सोय झाली. अशा काळात एका महिन्याची विक्री बुडाली तर ती भरून काढणे लहान दुकानदाराला जड जाते. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्याने त्याला दूरदृष्टीचा उपदेश करणे सोपे असते.

पण भीती खरी असली तरी तिच्या बुडाशी असलेला अंदाज खरा असतोच असे नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली एक पाहणी झाली. आपले किती ग्राहक मोटारीने येतात, असे तेथील दुकानदारांना विचारले असता शंभरातील सुमारे ४१ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारले तेव्हा ते प्रमाण सुमारे २२ निघाले. दुकानाच्या काउंटरमागून दारासमोरची गाडी दिसते, बसमधून उतरून चालत आलेली बाई दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिस्टलचे आकडे पुण्याला लावता येणार नाहीत. पण दिवाळीच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून पाहावे. हातात पिशव्या घेतलेली गर्दी पायीच चाललेली असते. दुकानांसमोर सकाळपासून लागलेल्या दुचाकींपैकी अनेक तर त्या त्या दुकानांत काम करणाऱ्यांच्याच असतात.

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेने 'पादचारी दिन' पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवसापुरता वाहनांसाठी बंद ठेवला. रस्त्याच्या मधोमध चालण्याचे अप्रूप पुणेकरांनी मनसोक्त अनुभवले. एका दिवसाच्या अशा सोहळ्याला टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी रस्ता पूर्ववत होतो. मात्र एक दिवस आणि तीनशे पासष्ट दिवस यांच्यात जे अंतर आहे त्यातच खरे प्रश्न दडलेले आहेत. ठोक मालाचा टेम्पो कोणत्या वेळी आत यावयाचा? दुकानांच्या वरच्या मजल्यावर अजूनही राहणाऱ्या कुटुंबातील आजारी माणसाला रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास वाहन कोठपर्यंत येणार? आणि लक्ष्मी रस्त्यावरून हटविलेली वाहने काही हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या केळकर रस्त्यावर आणि कुमठेकर रस्त्यावर जातात. लक्ष्मी रस्त्याचे रूप पालटावे की नाही, हे केवळ त्या रस्त्यावरील दुकानदारांना आणि तेथे फिरण्यास उत्सुक असलेल्यांना विचारून भागत नाही. ज्यांच्या खिडकीखाली उद्यापासून दुप्पट भोंगे वाजणार आहेत, त्यांनाही विचारावयास हवे. त्यांना कोणी विचारत नाही, कारण जाहीर सूचनेत त्यांच्या रस्त्याचे नावच नसते.

जंगली महाराज रस्त्याचा अनुभव थोडा निराळा. हा रस्ता १९७० च्या दशकात इतक्या मजबुतीने बांधला गेला की त्याला कित्येक दशके खड्डे पडले नाहीत, आणि पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की त्याचे उदाहरण हमखास दिले जाते. अलीकडच्या काळात तेथील पदपथ रुंद करण्यात आले, बसावयास बाके ठेवण्यात आली. वाहनांची जागा कमी केली म्हणून प्रारंभी कुरकुर झाली. आज संध्याकाळी त्या बाकांवर रिकामी जागा मिळणे कठीण असते. कुरकुर करणारे आणि बाकावर बसणारे यांच्यात काही समान चेहरे असावेत, अशी शंका घेण्यास वाव आहे.

याचे कारण एकच माणूस दिवसभरात अनेक भूमिका करीत असतो. सकाळी फिरावयास निघालेला गृहस्थ पदपथावर लावलेल्या स्कूटरवर चिडतो. संध्याकाळी 'दोनच मिनिटांचे काम आहे' म्हणून तोच आपली गाडी पदपथावर चढवितो. त्याला रुंद रस्ते हवे असतात आणि रुंदीकरणाची रेषा आपल्या ओट्यावरून जाऊ नये असेही वाटते. घराजवळ बसथांबा हवा, पण तो शेजारच्या इमारतीसमोर असावा. पुण्यात २०१८ साली वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेल्याची नोंद झाली. त्याच वर्षी रस्त्यावर वाहन लावण्यासाठी शुल्क आकारण्याचे धोरण महापालिकेच्या सभेत मंजूर झाले, आणि प्रखर विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित करावे लागले. पुढे त्याचा अंमल लांबतच गेला. वाहतुकीच्या कोंडीविषयी सर्वाधिक तक्रार करणारे शहर ते हेच.

मते परस्परांशी भिडतात तेव्हा प्रश्न आणखी अवघड होतो. विधी महाविद्यालय रस्त्यावरील कोंडी कमी व्हावी म्हणून बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगाने रस्ता काढण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचविण्यासाठी नागरिकांनी मोठ्या संख्येने मोर्चा काढला. टेकडीवरची झाडी, पक्षी, जमिनीत मुरणारे पाणी, पहाटे फिरणाऱ्यांची वाट हे सारे त्यांच्या म्हणण्यात होते. दुसरीकडे, रोज धूर आणि गोंगाट सोसणारे विधी महाविद्यालय रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे रहिवासीही नागरिकच. यांतील एकाला पर्यावरणप्रेमी आणि दुसऱ्याला विकासवादी अशी लेबले लावून मोकळे होणे हा बौद्धिक आळस आहे. तरीही दोन्ही मतांचे वजन सारखे मानता येणार नाही. कोंडीवर बस वाढविणे, वाहनतळाला शिस्त लावणे असे अन्य उपाय संभवतात आणि ते फसले तर बदलताही येतात; फोडलेली टेकडी पुन्हा उभी करता येत नाही. मत मोजताना त्यामागील माणसांची संख्या जशी पाहावी, तसेच चूक झाल्यास ती निस्तरता येईल का, हेही पाहिले पाहिजे.

मग विचारणा होते केव्हा? लकडी पुलाचा प्रसंग या संदर्भात आठवतो. त्याचे अधिकृत नाव संभाजी पूल असले तरी पुणेकरांच्या तोंडी लकडी पूलच बसला आहे. मेट्रोच्या प्रकल्पाला केंद्र सरकारची मान्यता डिसेंबर २०१६ मध्ये मिळाली. खांब उभे राहिले, मार्गिका पुलापर्यंत आली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतली की, या उंचीच्या मार्गिकेखालून विसर्जन मिरवणुकीचे उंच रथ जाऊ शकणार नाहीत. काम काही काळ थांबले, वाद झाला, सभा झाल्या. अखेर मार्गिका पूर्ण झाली आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी त्या टप्प्यावरून मेट्रो धावूही लागली. मंडळे इतकी वर्षे झोपली होती काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तो रास्त आहे. पण उलट प्रश्नही तितकाच रास्त आहे. विसर्जन मिरवणूक कोणत्या मार्गाने जाते हे पुण्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रथांची उंची विचारावयास पेठेतील कोणत्याही मंडळाच्या मांडवापर्यंत जाणे पुरेसे होते. खांब उभारण्यापूर्वी हे संभाषण झाले असते तर ते अर्ध्या तासात आटोपले असते. खांब उभारल्यावर तो संघर्ष झाला.

मोठ्या आराखड्यांच्या बाबतीत तर विचारणेचे स्वरूपच बदलून जाते. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा महापालिकेने २०१३ साली प्रसिद्ध केला. कायद्यानुसार हरकती मागविल्या गेल्या, आणि ८० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. प्रत्येकाला केवळ पाच मिनिटे द्यावयाची आणि रोज आठ तास सुनावणी चालवावयाची ठरविली, तरी तेवढ्या हरकती ऐकावयास ८०० हून अधिक दिवस लागतील. ऐकणाऱ्याचे कान कितीही प्रामाणिक असले तरी अशा सुनावणीत ऐकणे होत नाही, नोंद होते. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा आपल्याकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली. आराखडा होता २००७ पासूनच्या वीस वर्षांसाठी. म्हणजे मान्यता मिळाली तेव्हा त्याचे अर्धे आयुष्य सरले होते.

त्या प्रचंड गठ्ठ्यात कोणाची पत्रे असतील, याचाही विचार करावा. ज्यांच्या मालकीच्या जागेवर आरक्षण पडले ते वकिलाकडून हरकत लिहून घेतात. गृहनिर्माण संस्थांच्या समित्या छापील अर्जांवर सभासदांच्या सह्या घेतात. परंतु जागेची मालकी नसलेला, तरी जागेचा उपयोग करणारा फार मोठा समाज शहरात असतो. अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यावयास दूरदूरच्या उपनगरांतून आणि जिल्ह्याच्या गावांतून विद्यार्थी येतात. त्या चौकातील रस्ता, थांबा, पाण्याचा नळ यांच्याशी त्यांचा संबंध तेथील घरमालकापेक्षा कमी नाही. धुणीभांडी करण्यासाठी पहाटे एका पेठेतून दुसऱ्या पेठेत चालत जाणाऱ्या बाईला पदपथावरच्या दिव्याचे मोल जेवढे कळते, तेवढे मोटारीतून जाणाऱ्याला कळणार नाही. बाजारपेठेत दिवसभर काम करणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना स्वच्छतागृह कोठे, हा प्रश्न सुशोभीकरणाच्या किती नकाशांत असतो?

पथविक्रेत्यांच्या बाबतीत संसदेने २०१४ साली एक चांगला कायदा केला. विक्रीच्या जागा ठरविणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. ज्याच्या पोटावर निर्णयाचा परिणाम होणार, त्याला निर्णयाच्या टेबलाशी खुर्ची द्यावयाची, हे तत्त्व येथे स्पष्टपणे कायद्यात उतरले. अतिक्रमणाची गाडी भाजीची टोपली उचलून नेते तेव्हा मात्र त्या कायद्याची आठवण टोपलीवालीलाच करून द्यावी लागते, आणि बहुधा ती तिलाही कोणी सांगितलेली नसते.

शहराच्या कडेचे चित्र तर याहून वेगळे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे समाविष्ट झाली. मध्यवस्तीत पदपथ किती रुंद असावा यावर परिसंवाद होत असताना, या गावांतील अनेक वस्त्यांना पिण्याचे पाणी टँकरने मिळत होते. आधी कोणाची गरज, हा फुल्यांचा प्रश्न येथे जशाच्या तसा उभा राहतो. लक्ष्मी रस्त्याचा पदपथ दुरुस्त करू नये, असा याचा अर्थ नव्हे. पण ज्यांचा आवाज मोठा त्यांच्याच गल्लीत फरशा बदलत राहिल्या, तर रहिवाशांचे मत या गोंडस शब्दाआड जुनाच पक्षपात चालू राहील.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. लोकांच्या घराजवळ निर्णय यावा, हा त्यामागील हेतू. पुण्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त नगरसेवक नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. मेट्रोचे टप्पे सुरू झाले, रस्ते खणले गेले, चौकांची रूपे बदलली ती याच काळात. गल्लीतील दिवा बंद पडला म्हणून ज्याच्या दारावर थाप मारावी, तो माणूसच नव्हता. नगरसेवकांच्या कारभाराविषयी पुणेकरांनी पिढ्यान् पिढ्या नाके मुरडली आहेत, पुष्कळदा सकारण. तरी हे दार चार वर्षे बंद राहिल्यावर त्याचा उपयोग काय होता ते अनेकांना कळले.

नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याचा उपक्रम पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास सुरू केला. आपल्या भागातील पदपथ, दिवे, बसथांबे, बागा यांसारखी लहान कामे नागरिकांनी सुचवावीत, पालिकेने त्यांपैकी योग्य ती निवडून त्यांसाठी तरतूद करावी, अशी ही योजना. भारतातील शहरांमध्ये ती लवकर सुरू झालेली म्हणून तिचे कौतुकही झाले. तिच्यातील उणीव साधी आहे. सूचना दिल्यावर तिचे काय झाले, ती नाकारली असल्यास का नाकारली, हे सुचविणाऱ्याला सहसा कळत नाही. उत्तर न मिळालेला माणूस एकदोनदा लिहितो, मग लिहिणे सोडतो. त्यानंतर तो थेट रस्ता अडवावयास येतो आणि त्याला अडथळा आणणारा म्हटले जाते.

हे टाळावयाचे तर फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. जेथे बदल होणार त्याच जागी, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, शाळा शिकलेल्या कोणालाही कळेल अशा मराठीत आणि त्या वस्तीतील इतर भाषांत एक फलक लावता येतो. त्यावर सर्व्हे क्रमांकाऐवजी 'या औषधाच्या दुकानापासून त्या पिंपळापर्यंत' असे लिहिता येते. रस्त्याची नवी रचना कायम करण्यापूर्वी रंगाचे पट्टे आणि हलती कठडी ठेवून ती तीन महिने अजमावता येते. त्या अवधीत दुकानदाराची विक्री, शेजारच्या गल्लीतील गर्दी, बसला लागणारा वेळ मोजता येतो, आणि मग सारे जण अंदाजांऐवजी अनुभवावर भांडू शकतात. अभियंत्याने कार्यालयात हरकतींची वाट पाहत बसण्यापेक्षा संध्याकाळी एक तास थांब्यावर उभे राहावे. नाकारलेल्या प्रत्येक हरकतीला दोन ओळींचे सकारण उत्तर द्यावे. रहिवाशानेही लिहिताना 'माझ्या दारात नको' याच्या पुढे जाऊन, मग कोठे आणि कसे, याचे एक वाक्य तरी जोडावे. ही शेवटची अपेक्षा कदाचित सर्वांत अवघड ठरेल.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईलाही स्वतःचे स्थानक मिळाले. ज्या इमारतीच्या खर्चावरून फुल्यांनी हरकत घेतली, तिच्या परिसरात आता सरकत्या जिन्याने वर येणारे प्रवासी क्षणभर गोंधळून उभे राहतात. तुळशीबाग कोणीकडे, असे ते हमखास पदपथाकडेला बसलेल्या एखाद्या भाजीवाल्या मावशीला विचारतात. ती तराजू न ठेवताच मानेने दिशा दाखविते. कोणत्या दाराने आलेले गिऱ्हाईक भाजीकडे वळते आणि कोणत्या दाराने आलेले सरळ निघून जाते, पाऊस आला की लोक कोठे दाटीवाटीने उभे राहतात, टोपल्यांची रांग चार हात मागे घेतली तर वाट मोकळी होऊन विक्रीही कशी वाढेल, हे तिला विचारले तर ती शेपूची जुडी बांधता बांधता सांगेल.